जेम्स बाँडच्या सिनेमांतले सगळ्यात भारी आणि सगळ्यात फसलेले क्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाँडचे फॅन्स एकत्र आले की तेच ते वाद परत परत होतात, तेच सीन, तीच भांडणं, म्हणून म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून ठेवावं. कोण मरतं, कोण फितूर निघतं, शेवट काय होतो हे सगळं खाली उघड सांगितलंय, त्यामुळे ज्यांचे सिनेमे बघायचे राहिलेत त्यांनी आधी ते बघा आणि मग हे वाचा.

कुठले सिनेमे धरलेत?

इऑन कंपनीने काढलेले २५, म्हणजे १९६२ चा 'डॉ. नो' ते २०२१ चा 'नो टाइम टू डाय'. शॉन कॉनरी, जॉर्ज लेझनबी, रॉजर मूर, टिमोथी डाल्टन, पिअर्स ब्रॉस्नन आणि डॅनियल क्रेग असे सहा बाँड. १९८३ चा 'नेव्हर से नेव्हर अगेन' यात धरलेला नाही, त्यात कॉनरी असला तरी तो दुसऱ्या लोकांनी काढलेला, आणि १९६७ चा 'कसिनो रोयाल' तर बाँडची टिंगल करायलाच काढला होता.

एकच क्षण निवडायचा तर कुठला?

१९७७ च्या 'द स्पाय हू लव्ह्ड मी'ची सुरुवात, यात माझं मत कधीच बदललं नाही. मूर स्कीवर सुसाट निघालाय, मागे मारेकरी लागलेत, सत्तरच्या दशकातलं ते डिस्को टाइप म्युझिक धडधडतंय, आणि अचानक बर्फ संपतो, बर्फच काय डोंगरच संपतो, तो कड्यावरून सरळ बाहेर जातो आणि म्युझिक बंद. एकदम बंद. फक्त वारा ऐकू येतो आणि तो पिवळ्या सूटमधला एवढासा माणूस खाली खाली चाललाय, एक स्की सुटते, मग दुसरी सुटते, आपण मनात म्हणत राहतो आता उघडेल, आता तरी उघडेल, आणि कॅमेरा काही हलत नाही. मग पॅराशूट उघडतं, त्यावर ब्रिटनचा झेंडा, आणि तेव्हा कुठे बाँडची धून सुरू होते. मी हे किती वेळा बघितलंय त्याचा हिशोब नाही, पण अजून अंगावर काटा येतो.

आणि ही उडी खरी आहे हे विसरू नका. रिक सिल्व्हेस्टर नावाच्या स्टंटमनने ती कॅनडातल्या बॅफिन बेटावरच्या माउंट अ‍ॅसगार्डवरून मारली. पॅराशूट उघडताना सुटलेली एक स्की त्या पॅराशूटला घासून गेली, जरा इकडेतिकडे झालं असतं तर माणूस गेला असता, आणि ते सिनेमात चक्क दिसतं, थांबवून थांबवून बघा. ही उडी शूट करणाऱ्या युनिटचं काम जॉन ग्लेनकडे होतं, ज्याने पुढे सलग पाच बाँडपट दिग्दर्शित केले.

मग सगळ्यात वाईट क्षण?

लोक लगेच 'डाय अनदर डे'चं नाव घेतात, त्याच्याकडे येतोच, पण माझ्या मते सगळ्यात वाईट क्षण आधीच्या क्षणाच्या फक्त तीन वर्षं आधीचा आहे, १९७४ चा 'द मॅन विथ द गोल्डन गन', आणि तोही एका उडीचाच आहे.

थायलंडमधला कालवा, त्यावरचा मोडका पूल, मधला भाग गायबच आणि दोन्ही टोकं वाकडी झालेली. बाँडची गाडी वेगात येते, एका टोकावरून उडते, हवेत स्वतःभोवती पूर्ण एक गिरकी घेते आणि पलीकडे चारही चाकांवर उतरून निघूनही जाते. १९७४ साली हे आधी कॉम्प्युटरवर गणित मांडून बसवलं होतं, पुलाची टोकं किती वाकवायची, गाडी किती जड हवी, स्पीड किती हवा, ड्रायव्हरची सीटसुद्धा गाडीच्या बरोब्बर मध्ये घेतली होती म्हणजे वजन कुठल्याही एका बाजूला जाणार नाही, आणि पहिल्याच टेकला ती उडी बसली. एवढं सगळं केल्यावर ती गाडी हवेत फिरत असताना साउंडट्रॅकवर काय आहे, तर कार्टूनमध्ये कोणी घसरून पडल्यावर वाजते ती शिट्टी. फुईईई. झालं, सगळी मेहनत मातीमोल. ज्या माणसाने जिवावर उदार होऊन ती गाडी चालवली त्याच्यावर हा मोठा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. ती शिट्टी संगीतकार जॉन बॅरीची कल्पना, आणि बॅरी म्हणजे बाँडच्या संगीताचा कणाच, त्याने इतकं अफाट काम करून ठेवलंय की या एका गोष्टीचं जास्तच वाईट वाटतं.

या दोन उड्या एकामागोमाग एक लावून बघा. दोन्ही खऱ्या, दोन्ही तोडीस तोड अवघड. एकीत सिनेमा गप्प बसतो आणि आपला श्वास अडकतो, दुसरीत सिनेमाच आपल्याला सांगतो की हसा, हे काही सीरियस नाही. बाँडमधले भारी आणि फसलेले क्षण कसे ओळखायचे याची माझी कसोटी इथूनच आली, सिनेमाचा स्वतःच्या क्षणावर विश्वास आहे की नाही, बस.

शांततेचं एवढं काय? हे एकाच सीनवरून ठरवलं का?

नाही. १९६३ च्या 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'मधली ट्रेनमधली मारामारी घ्या, कॉनरी आणि रॉबर्ट शॉ एका छोट्याशा डब्यात एकमेकांच्या जिवावर उठलेत, दिवे फुटलेत, निळसर अंधार, आणि म्युझिक नाही, फक्त धापा, आदळआपट आणि चाकांचा आवाज. १९९५ चा 'गोल्डनआय' घ्या, स्वित्झर्लंडमधलं व्हेर्झास्का धरण, २२० मीटर उंच, वेन मायकल्सने तिथून मारलेली बंजी उडी, तिथेही म्युझिक थांबवलंय. २०१२ च्या 'स्कायफॉल'मध्ये शांघायच्या काचेच्या टॉवरमधली फाइट, मागे निळ्या जाहिराती हलतायत आणि समोर दोन काळ्या आकृत्या, एकही डायलॉग नाही, कॅमेरा फक्त हळूहळू पुढे सरकतो, रॉजर डीकिन्सने असं काही शूट केलंय की कोण कुठला हे कळलं नाही तरी डोळे हटत नाहीत. ५० वर्षांत दिग्दर्शक बदलले, बाँड बदलले, पण जिथे गप्प राहायचं धाडस केलं तिथे सीन उभा राहिला.

पण 'गोल्डनआय'च्या सुरुवातीलाच त्याने कड्यावरून पडणारं विमान हवेत पकडलं, ते कसं चालतं?

नाही चालत. मोटरसायकलवरून कड्याबाहेर जायचं आणि पडता पडता विमानापर्यंत पोचून आत चढायचं, हे पटत नाही, आणि धरणावरची ती उडी बघितल्यावर तर अजिबात नाही. दहा मिनिटांच्या आत एकाच सिनेमात वर आणि खाली. बाँडच्या बाबतीत हे इतक्या वेळा झालंय की मी आता एखादा सिनेमा पूर्ण चांगला किंवा पूर्ण वाईट असं म्हणणंच सोडलंय.

'डाय अनदर डे' खरंच एवढा वाईट आहे का?

त्यातली ती लाट आहे तेवढीच वाईट आहे. बर्फाचा कडा कोसळतो, खाली प्रचंड लाट उठते, आणि बाँड पायाखाली पत्रा आणि हातात पॅराशूट घेऊन त्या लाटेवर सर्फिंग करतो, सगळं कॉम्प्युटरवर बनवलेलं आणि ते पहिल्या सेकंदाला कळतं. २००२ साल होतं, बाँडचा विसावा सिनेमा, पहिल्या सिनेमाला ४० वर्षं झालेली, आणि ज्या मालिकेची सगळी इज्जत स्टंटमन लोकांनी कमावली तिथे हे. अदृश्य गाडीबद्दल मी तेवढा कडक नाही, बाँडच्या गाड्या पाण्याखाली गेल्यात, उडाल्यात, त्यामुळे ती एक वेळ पोटात घालता येते, पण लाट नाही.

तरीही या सिनेमाची पहिली वीस मिनिटं कोणी नीट आठवत नाही याचं मला वाईट वाटतं. बाँड उत्तर कोरियात पकडला जातो आणि सुटत नाही. चौदा महिने तुरुंगात, मारहाण, दाढी वाढलेली, आणि सुटल्यावर स्वतःच्याच लोकांचा त्याच्यावर विश्वास नाही. हे आधी कधीच झालं नव्हतं. आणि लंडनच्या क्लबातली तलवारबाजी, ब्रॉस्नन आणि टोबी स्टीफन्स, खेळ म्हणून सुरू होते आणि मग दोघं फर्निचर, काचा, चित्रं सगळं फोडत बाहेर बागेपर्यंत जातात. हे सगळं त्या लाटेखाली बुडालं.

रॉजर मूर म्हणजे नुसता पाचकळपणा, बरोबर ना?

चूक, आणि यावर मी कितीही वेळ भांडायला तयार आहे.

पाचकळपणा आहे, नाही कशाला म्हणू. १९७९ च्या 'मूनरेकर'मध्ये व्हेनिसच्या चौकात बाँडची होडी जमिनीवर चालते आणि ते बघून एक कबुतर दोनदा मान वळवतं, म्हणजे एडिटिंग करून कबुतराला आश्चर्यचकित केलंय. त्याच सिनेमात स्टीलचे दात असलेला जॉज, ज्याची आधीच्या सिनेमात खरंच भीती वाटायची, तो प्रेमात पडतो आणि चांगला होतो. १९८५ च्या 'अ व्ह्यू टू अ किल'मध्ये बर्फातला इतका सुंदर पाठलाग चाललाय आणि मध्येच समुद्रकिनाऱ्यावरचं पॉप गाणं लावलंय. १९८३ च्या 'ऑक्टोपसी'मध्ये वेलीवरून झोके घेताना टार्झनची आरोळी. हे सगळं मान्य.

पण आता त्याच 'ऑक्टोपसी'चा शेवटाकडचा भाग बघा. पश्चिम जर्मनीतला अमेरिकन हवाई तळ, तिथे सर्कस आलीय, सर्कशीच्या सामानात अणुबॉम्ब लपवलाय आणि घड्याळ चालू झालंय. बाँड तिथे पोचायला धडपडतोय, वाटेत लिफ्ट मागतो तर गाडीतली पोरं त्याची टिंगल करून निघून जातात, शेवटी पोलीस मागे लागलेले असताना तो आत घुसतो आणि लपायला जोकरचा मेकअप करतो. पांढरा चेहरा, लाल नाक, डोळ्यांभोवती रंग, ढगळ कपडे. आणि तो रिंगणात उभा राहून जीव तोडून सांगतोय की बॉम्ब आहे, लोकांना बाहेर काढा, आणि लोक हसतायत. मुलं टाळ्या वाजवतायत. त्यांना वाटतंय हा पण खेळच. मूरचे डोळे बघा तिथे, घाबरलेला माणूस आहे तो, आणि तो रंग लावल्यामुळे कोणी विश्वासच ठेवत नाही. ज्या बाँडला सगळे जोकर म्हणून हिणवतात त्यालाच खरोखर जोकर करून त्याच्याकडून मालिकेतलं सगळ्यात टेन्शन देणारं काम करून घेतलंय. याच सिनेमात तो थोडा वेळ आधी गोरिलाच्या वेषात लपलेला असतो आणि तेव्हा हसू आवरत नाही, म्हणजे बघा.

आणि १९८१ चा 'फॉर युअर आइज ओन्ली', कड्यावर अर्धी लटकलेली गाडी, आत मारेकरी, आणि मूर येऊन थंडपणे लाथ मारतो. मूरला स्वतःला ते पटत नव्हतं, त्याचा बाँड असं करणार नाही असं त्याचं म्हणणं होतं, पण सीन म्हणून तो जबरदस्त आहेच.

'ऑक्टोपसी'तला उदयपूरचा भाग आवडायचा की खटकायचा?

दोन्ही. कबीर बेदीचा गोविंदा एक नंबर, कमी बोलणारा, शेवटी उडत्या विमानाच्या पाठीवरची ती मारामारी तर काय सांगू. विजय अमृतराजला बघून कोणालाही आनंदच होणार, रिक्षाच्या पाठलागात तो रॅकेटने गुंडांना हाणतो आणि गर्दीतले लोक टेनिस बघितल्यासारखे माना इकडून तिकडे वळवतात, तो विनोद मला आजही चालतो कारण खेळाडूच टेनिसचा आहे. लेक पॅलेस पाण्यात तरंगताना दिसतो ते शॉट्स देखणे आहेत. पण खिळ्यांच्या पलंगावरचा साधू, निखाऱ्यावर चालणारे, तलवार गिळणारा, गारुडी, सगळं एकाच गल्लीत कोंबलंय, आणि जिंकलेले पैसे आपल्याच मदतीला आलेल्या माणसाच्या हातात देताना बाँड जेवणावरून जो टोमणा मारतो तो अपमान आहे. त्या वाक्याला मी हसत नाही आणि कोणी हसावं असं मला वाटत नाही.

जुन्या सिनेमांतलं आणखी काय आज बघवत नाही?

१९६४ च्या 'गोल्डफिंगर'मधला तबेल्यातला सीन. समोरची बाई नाही म्हणतेय, ढकलतेय, बाँड जबरदस्ती करतो आणि सिनेमा त्याला प्रेमाची सुरुवात म्हणतो. 'गोल्डफिंगर' हा कदाचित सगळ्यात नेटका बाँडपट आहे, लेझरचा टेबल, सोनेरी रंगवलेली शर्ली ईटन, घड्याळ ००७ वर थांबणं, पण तो सीन आला की मी मान खाली घालतो. १९६७ च्या 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'मध्ये कॉनरीला जपानी माणूस म्हणून सजवलंय, ना तो जपानी दिसतो ना कोणी फसेल असं वाटतं, आणि त्याच सिनेमात केन अ‍ॅडमने उभारलेला ज्वालामुखीच्या पोटातला सेट बघून तोंडात बोट जातं.

आणि हे फक्त जुन्यांचं नाही. २०१२ मध्ये 'स्कायफॉल'मध्ये सेव्हरिनच्या डोक्यावर दारूचा ग्लास ठेवून तिला मारतात, आणि बाँड तिच्याबद्दल एक शब्द न बोलता दारू वाया गेल्याबद्दल बोलतो. ती लहानपणापासून विकली गेलेली बाई आहे हे त्याने स्वतःच आधी ओळखलेलं असतं. तो सीन मला 'गोल्डफिंगर'इतकाच लागतो.

लेझनबीने एकच सिनेमा केला, मग त्याचं एवढं कौतुक का?

१९६९ च्या 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'च्या शेवटच्या दोन-तीन मिनिटांसाठी. लग्न झालंय, गाडी फुलांनी सजवलीय, बाँड रस्त्याच्या कडेला थांबून ती फुलं काढतोय, दोघं मुलांबाळांच्या गप्पा मारतायत. दुसरी गाडी जाते, गोळ्या सुटतात, तो उठून गाडीत बसतो, पाठलाग करायचा म्हणून, आणि बाजूला बघतो तर ट्रेसीच्या कपाळावर गोळी. एक पोलीस येऊन विचारतो आणि बाँड त्याला शांतपणे सांगतो की काही नाही, ती जरा आराम करतेय. सिनेमा गोळीने तडकलेल्या काचेवर संपतो. लेझनबी हा मॉडेल, त्याचा हा पहिलाच सिनेमा, आणि तरीही त्या एका वाक्यात त्याचा आवाज ज्या पद्धतीने जातो ते बाकीच्या पाचांना जमलं असतं का मला शंका आहे. समोर डायना रिग होती हेही आहेच, तिच्यामुळेच ते नातं खरं वाटतं.

मगरींवरून पळण्याचा सीन खरा आहे का?

हो. १९७३ चा 'लिव्ह अँड लेट डाय', मगरींच्या फार्मचा मालक रॉस कनांगा स्वतः पळाला आणि पाचव्या वेळेला जमलं. व्हिलनचं नाव कनांगा ठेवलं ते त्याच्यावरूनच. आणि तोच व्हिलन शेवटी फुग्यासारखा फुगून छतावर फुटतो, ज्याच्या नावाचा माणूस एवढा धाडसी त्या व्हिलनला असं मरण.

गाडी दोन चाकांवर गल्लीत जाते आणि बाहेर येताना बाजू बदलते, हे खरं?

अगदी खरं. १९७१, 'डायमंड्स आर फॉरएव्हर', लास वेगास. आत जाताना उजव्या चाकांवर, बाहेर येताना डाव्या. चूक लक्षात आल्यावर मध्ये गाडी आतून कलताना दाखवणारा एक शॉट घुसवला, पण अरुंद गल्लीत ती कलणार कुठे.

डाल्टनबद्दल कोणी बोलत का नाही?

बोलायला हवं. १९८७ च्या 'द लिव्हिंग डेलाइट्स'मध्ये मालवाहू विमानातून बाहेर लोंबणाऱ्या जाळीवरची फाइट बघा, उंचीची भीती असेल तर बघू नका. १९८९ चा 'लायसन्स टू किल' तर त्याच्या काळाच्या पुढे होता, बाँड रागाने पेटलेला, मित्रासाठी नोकरीवर पाणी सोडलेला, टँकर ट्रकचा तो सगळा शेवट. आणि मग अगदी शेवटी तलावाजवळचा दगडी मासा डोळा मारतो. का? एवढा गंभीर सिनेमा आणि शेवटी मासा.

क्रेगच्या पाच सिनेमांतलं काय?

२००६ चा 'कसिनो रोयाल' सगळ्यात वर. सगळे पार्कोरबद्दल, म्हणजे भिंती-क्रेनवरून उड्या मारत पळण्याबद्दल बोलतात, गाडीच्या सात कोलांट्यांबद्दल बोलतात, ज्याचा गिनीज रेकॉर्ड झाला, आणि ते बोलायलाच हवं, पण माझा क्षण शॉवरचा आहे. जिन्यात दोन माणसांना मारून झालंय, बाँड शर्ट बदलून परत पत्ते खेळायला जातो, नंतर खोलीवर येतो तर त्याच्यासोबत आलेली व्हेस्पर कपड्यांसकट शॉवरखाली बसलीय, थरथरतेय, हातावरचं रक्त जात नाही असं तिला वाटतंय. तो काही न बोलता तसाच, कपड्यांसकट, तिच्या शेजारी जाऊन बसतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी दाखवलं की माणूस मेलेला बघितल्यावर बघणाऱ्याचं काय होतं.

'क्वांटम ऑफ सोलेस'मध्ये ऑपेराचा सीन अप्रतिम आणि बाँडच्या मित्राला, मॅथिसला, मेल्यावर कचरापेटीत टाकणं अक्षम्य. २०१५ च्या 'स्पेक्टर'ची सुरुवात, मेक्सिको सिटीतला मृतांच्या दिवसाचा तो एका दमात वाटणारा लांब शॉट, इतका प्रभावी की तशी मिरवणूक त्या शहरात आधी निघत नव्हती ती २०१६ पासून खरोखर काढायला लागले. आणि त्याच सिनेमात व्हिलन ब्लोफेल्ड हा बाँडचा मानलेला भाऊ निघतो, आधीच्या तीन सिनेमांतलं सगळं म्हणे त्यानेच घडवलं. जग केवढं मोठं होतं, ते एका घरातल्या भांडणाएवढं करून टाकलं.

'नो टाइम टू डाय'च्या शेवटी बाँडला मारायला नको होतं असं वाटतं का?

बघितलं त्या रात्री वाटलं. आता नाही वाटत. तो त्या बेटावर उभा आहे, क्षेपणास्त्रं येतायत, मुलीला परत कधी हात लावता येणार नाही हे कळलंय, आणि तिचं कापडी खेळणं त्याने पट्ट्यात खोचून ठेवलंय. १९६९ मधलं ट्रेसीचं गाणं, लुई आर्मस्ट्राँगच्या आवाजातलं, शेवटी परत येतं. ज्यांना हे नको होतं त्यांचं दुःख मला समजतं, तो कायम सुटतो म्हणूनच तर तो बाँड, पण सिनेमाने तिथे डोळा मारला नाही, पळ काढला नाही, म्हणून मी त्याच्या बाजूने.

एखादा छोटासा क्षण, ज्याबद्दल कोणी वाद घालत नाही?

१९९९, 'द वर्ल्ड इज नॉट इनफ'. डेस्मंड लेवेलिन १९६३ पासून १७ सिनेमांत क्यू होता, म्हणजे बाँडला नवनवी यंत्रं करून देणारा म्हातारा. या सिनेमात तो बाँडला निरोपाचे दोन सल्ले देतो आणि लिफ्टसारखा जमिनीत हळूहळू खाली जातो, आणि ब्रॉस्नन नुसता बघत राहतो. सिनेमा लागल्यावर काही आठवड्यांतच लेवेलिन अपघातात गेले. तो सीन मी एकट्यानेच बघतो.

पुढच्या बाँडकडून काय हवंय?

२०२५ मध्ये सगळा कारभार अ‍ॅमेझॉन एमजीएमकडे गेला आणि दिग्दर्शक म्हणून डेनी व्हिलनव्हचं नाव जाहीर झालं. त्याला शांततेची भीती नाही हे त्याच्या कामावरून दिसतं, त्यामुळे मला आशा आहे. एक खरा माणूस, एक खरी उंची, आणि कॅमेरा हलू नये, एवढंच मागणं.

१९७४ ची ती उडी शिट्टीशिवाय बघता येते का?

येते. गाडी पुलाकडे वळली की आवाज बंद करा. मग नुसती बघा, मोडक्या फळ्या, लाल गाडी, ती एका बाजूला कलते, छप्पर खाली चाकं वर, खाली गढूळ पाणी, आणि परत सरळ होऊन पलीकडे टेकते. चाकं टेकली की आवाज चालू करा.